आजोबांचं अपडेट

दिक मार्तोयो,

बालिकपापनला लेकीच्या घरी एसी लावून, गुडघ्यावर टॉवेल टाकून बसला असशील. बस. मी इथे जावात, सालातिगात, तुझ्याबद्दल लिहायला घेतलं आहे आणि तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "बू, माझ्याबद्दल काय लिहायचं?" आणि मग दोन तास स्वतःबद्दलच बोलला असतास. पत्र तुला आहे, पण वाचणारे आणखीही आहेत. तेव्हा तुला ठाऊक असलेलं मी पुन्हा सांगायला लागले की गप्प बसायचं. उदाहरणार्थ हे, की तू मला बू म्हणतोस, म्हणजे आई, आणि मी तुला दिक म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. हे नातं कोणत्या गणितात बसतं ते चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवूनही मला कळलेलं नाही.

तू सुरुवात केलीस टाइपरायटरवर, वॉर्ड ऑफिसात. "यंदा कायम करतो" असं साहेबांनी सांगितलं आणि पुढची अकरा वर्षं तेच सांगितलं. अकरा वर्षं तू गल्लीतल्या माणसांचे मृत्यूचे दाखले टाइप केलेस. ती माणसं कायमची गेली, तू हंगामीच राहिलास. मग एक दिवस स्वतःचा टाइपरायटर घेऊन आलास आणि मशिदीसमोरच्या तुझ्या ओसरीत दुकान थाटलंस. दोन बोटांनी टाइप करायचास. दहा बोटांनी टाइप कसं करावं हे मात्र अर्ध्या गल्लीला शिकवलंस.

कॉम्प्युटर आले तसे तूही घेतलेस, एक, मग दुसरा, मग तिसरा. कॉलेजची पोरं प्रबंध छापून घ्यायला यायची आणि तुला घाबरायची, कारण तू ते वाचायचास. "हे तिसऱ्या प्रकरणात काय लिहिलंयस? पहिल्या प्रकरणात तर उलटं म्हणाला होतास." पोरगं म्हणे, "पाक," म्हणजे बाबा, "मार्गदर्शकांनी सही केलीय." तू म्हणायचास, "त्यांनी सही केलीय. मी वाचलंय."

तिन्ही कॉम्प्युटरांत जो सगळ्यात जुना, दात किडल्यासारखा पिवळा पडलेला, त्याला तू आजोबा म्हणायचास. त्याच्यावर प्रबंध नाही, लग्नपत्रिका नाही, काही नाही. त्याच्यावर फक्त तुझी वही. संध्याकाळी मशिदीचा ढोल वाजला की त्याच्यावर बाटिकचा जुना कपडा घालायचास, पोपटाच्या पिंजऱ्यावर घालतात तसा.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेला की तिसरा दिवस, सातवा, चाळिसावा, शंभरावा, मग वर्षं, आणि शेवटी हजारावा. हजाराव्या दिवशी भात, कोंबडी, दुआ, आणि आलेल्यांना घरी न्यायला मयताचा फोटो छापलेली, कुराणातल्या यासीन अध्यायाची पुस्तिका. दिवस चुकवून चालत नाही. सात वारांना आमचे पाच बाजारवार जोडले की पस्तीस जोड्या होतात. प्रत्येक घरानं आपापल्या मयताची जोडी लक्षात ठेवायची असते आणि कोणी ठेवत नाही. तू ठेवायचास. त्यात आमचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सूर्य बुडाला, मशिदीचा ढोल वाजला, की उद्या सुरू. गुरुवारी संध्याकाळी सातला गेलेला माणूस शुक्रवारी गेला. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कॉम्प्युटरला कळत नाही.

म्हणून तू बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे आलास, हातात तेलकट कागदात केळ्याची भजी. "बू, एक गणित हवंय." मी तुला तक्ता घालून दिला. मेल्याची तारीख घातली की सगळे दिवस आपोआप बाहेर पडत. आणि शेजारी एक छोटी चौकट, 'ढोलानंतर'. तिच्यात खूण केली की तक्ता एक दिवस पुढे सरके. ती चौकट माझी कल्पना, हे लक्षात ठेव, नंतर लागेल.

तू इतका वेळ त्या चौकटीकडे बघत बसलास की मला वाटलं काही चुकलं. "काय झालं?" तर म्हणालास, "काही नाही. पहिलं नाव आईचं घालतो." घातलंस. तारीख घातलीस. चौकटीपाशी आलास आणि खूण न करता पुढच्या नावाकडे गेलास. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा. तुला रॉकेल आणायला पिटाळलं होतं. परत येताना रस्त्यातच ढोल वाजला, आणि घरी पोचलास तर दारात बायका. आई ढोलाच्या आधी गेली की नंतर, ते तुला कोणी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. तेव्हापासून तू तिचं ताट दोन्ही दिवशी ठेवतोस. तुझी बायको तारमी एकदा मला म्हणाली, "सासूबाई जिवंतपणी एक वेळ जेवायच्या. आता लागोपाठ दोन दिवस."

असो. गेल्या वर्षीचं सांगते.

ईदनंतर कधीतरी कॉम्प्युटर उघडला की पडद्यावर निळी पाटी यायला लागली. जुन्या प्रणालीची सोय ऑक्टोबरात बंद होणार, नवं अपडेट येत आहे, तुमचा कॉम्प्युटर तयार आहे का ते तपासा. खाली 'तपासा' असं बटण. त्या बटणाला सहा महिने गल्लीत कोणी हात लावला नाही. ते दाबलं की अपडेट सुरूच होणार, अशी सगळ्यांची खात्री होती. माझीसुद्धा. कबूल करून टाकते.

पण अपेक्षा! निवडणुकीतही माणसं इतक्या अपेक्षा करत नाहीत. गल्लीप्रमुखाची बायको, बू पुर्वांती, म्हणाली की नव्या अपडेटमध्ये फोटोतली माणसं आपोआप गोरी आणि बारीक होतात. तिनं महिला मंडळाचा फोटो छापायचा थांबवून ठेवला. मशिदीतले पाक जझुली, जे सगळ्यांच्या मयताची दुआ म्हणतात, ते ओसरीत येऊन विचारायचे, "हे नवीन आलं की ते स्वतःच दुआ म्हणणार का? तसं असेल तर मला आधी सांगा, मी बकऱ्या पाळतो." काडीवर भाजलेलं मांस विकणारा साटेवाला म्हणाला, ते आमच्या जावानीज भाषेत बोलणार. तू विचारलंस, "साध्या की अदबीच्या?" तो विचारात पडला. "अदबीच्या भाषेत बोललं तर मला त्याला उत्तर देता यायचं नाही, पाक."

कॉलेजच्या पोरांची भीती वेगळी. आमच्या प्रबंधांचे समास ठरलेले, डावीकडे चार, वर चार, उजवीकडे तीन, खाली तीन. अर्धा सेंटिमीटर हलला तरी परत. कोणीतरी ग्रुपवर टाकलं की नव्या अपडेटनं समास हलतात आणि अनुक्रमणिकेचे ठिपके पांगतात. झालं. सप्टेंबरात तुझ्या ओसरीत पायताणांचा ढीग. ज्यांचे निष्कर्ष लिहून झाले नव्हते तेही छापायला आले. "निष्कर्ष कुठाय?" तू विचारलंस. "पाक, समास वाचवा, निष्कर्ष नंतर बघू."

तू मात्र वहीपायी झुरत होतास. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या को लियाननं सांगितलं होतं की आजोबांवरचा तो तक्ता इतक्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे की नव्या प्रणालीत तो उघडणारच नाही. दुसरीकडे नेला तरी तेच. चारशेवर मयतं, त्यांच्या तारखा, चौकटीतल्या खुणा, दुसरीकडे कुठेही नाहीत. ते गेलं की गल्लीत कोणाला कोणाचा दिवस सांगता येणार नव्हता.

"केबल काढून टाक," मी म्हटलं.

"काढलीय. को लियान म्हणतो, हवेतूनही येतं."

"मग छापून घे. सगळी वही कागदावर. संपला विषय."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी मशिदीत चप्पल घालून शिरले. "बू, एवढ्या जणांना एकदम नावानं हाक मारायची? आणि त्यांच्या समोर खायला ठेवायचं काय?"

"कागद ठेव समोर. छापताना कागदच लागतो."

"तुमचं सगळं गणितातच," असं पुटपुटत तू आत गेलास.

मग तू काय केलंस? छापायचं सोडून मुहूर्त शोधायला बसलास. म्हणजे अपडेट यायचंच असेल तर निदान बऱ्या दिवशी यावं. आपले आईबाप ज्या जोडीला गेले त्या दिवशी माणूस नवं काही सुरू करत नाही, ते सगळेच पाळतात. पण तू म्हणालास, या यंत्रात सगळ्यांचे आईबाप आहेत, तेव्हा सगळ्यांचेच दिवस टाळायला हवेत. आठवडाभर खडूच्या पाटीवर पस्तीस घरं आखून एकेकावर फुली मारत होतास. मी आले तेव्हा पाटीभर फुल्या होत्या.

"बू, एकही घर रिकामं नाही."

"चारशे माणसं पस्तीस घरांत कोंबलीस तर कसं राहील रिकामं? हे मला सहावीतलं पोर सांगेल."

पाक जझुलींनी तोडगा काढला. "ज्या घरात सगळ्यात कमी माणसं आहेत ते घ्या." मंगळवार आणि पाहिंग हा बाजारवार, या जोडीला दोघंच निघाले. एक दूरचा, कोणाला न आठवणारा. दुसरा तो पाक रेबो, ज्यानं पन्नास वर्षं तुझ्या कुंपणातली पपई चोरली. तू खूश झालास. "रेबोची अडचण झाली तर होऊ दे." असा मंगळवार ठरला. आणि त्याच्या आधी वही छापायची, हे मी तुझ्याकडून कबूल करून घेतलं. समोर काय ठेवायचं ते तारमीनं ठरवलं. मेलेल्यांसाठी करतात ते आपेम, तांदळाचे फुगलेले घावन, केळी, काळी कॉफी, एक लवंगेची सिगारेट. सगळं ताट प्रिंटरच्या शेजारी. रविवारी दुपारी, असरच्या नमाजानंतर तू बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलंस.

पानं निघायला लागली. मी खुर्ची ओढून वाचायला बसले, मला रिकामं बसता येत नाही. सातवं पान प्रिंटरनं चावलं. तारमी म्हणाली, "आपेम द्या त्याला एक." तू खरंच ताटाकडे पाहिलंस.

नवव्या पानावर माझी थोरली बहीण, म्बाक्यू रुस्मिनी. गुरुवारी संध्याकाळी साडेसातला गेली, मी उशाशी होते. म्हणजे आमच्या हिशेबानं शुक्रवार. कागदावर शनिवार.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

तू चष्मा काढलास आणि सदऱ्याला पुसायला लागलास. स्वच्छ होता चष्मा.

"मार्तोयो."

"हं."

"तुला ठाऊक होतं."

"सात वर्षं," तू म्हणालास, प्रिंटरला.

मग बाहेर आलं. माझ्या भाच्यानं येऊन सांगितलं होतं, आई शुक्रवारी गेली, ढोलानंतर. दिवस त्यानं आधीच पुढे सरकवला होता, आपण सगळे सरकवतो तसा, न विचार करता. तू शुक्रवारची तारीख घातलीस आणि चौकटीत खूणही केलीस. तक्त्यानं इमानदारीत आणखी एक दिवस सरकवला. सूर्य एकदा बुडाला, आपण दोनदा बुडवला. ही चूक जगात दुसरं कोणी करूच शकलं नसतं. त्यासाठी आमचा दिवसही हवा, आमचा मार्तोयोही हवा. सात वर्षांपूर्वी तुला ते कळलं आणि तेव्हापासून तू नव्या नावांसाठी दहा वेळा विचारून घ्यायला लागलास. पण जुनी एकतीस नावं तशीच राहिली. एकतीस घरांनी हजारावा दिवस एक दिवस उशिरा केला होता. पुस्तिका तूच छापल्या होत्यास, तारखेसकट.

"म्हणून छापत नव्हतास," मी म्हटलं. "हाक मारायची अडचण नव्हती."

"तीही होती," तू म्हणालास. "बू, गल्लीत मला काय किंमत आहे? वॉर्ड ऑफिसनं कायम केलं नाही. प्रबंधावर नाव पोरांचं. दिवस कधी चुकत नाही तो मार्तोयो, एवढंच आहे. तेही गेलं तर मी नुसता झेरॉक्सवाला."

तुला रागवायला मला तोंड नव्हतं. एक तर चौकट माझी. दुसरं म्हणजे मी, गणिताची शिक्षिका, बहिणीच्या हजाराव्या दिवसाच्या त्या जेवणाला गेले होते, दोनदा भात वाढून घेतला होता, आणि दिवस मोजला नव्हता.

अशा गोष्टी झाकून ठेवल्या की आंबतात. मी उठले, रस्ता ओलांडला आणि पाक जझुलींना बोलावून आणलं. तू माझ्याकडे रागानं बघत होतास. अजूनही रागावला असलास तर राग. त्यांनी सगळं ऐकलं, ताटातला एक आपेम उचलला, अर्धा खाल्ला.

"म्हणजे दुआ एक दिवस उशिरा पोचली."

"एकतीस जणांना," तू म्हणालास.

"दुआ काय दूध आहे नासायला? पोचली ना?" उरलेला अर्धा तोंडात टाकून ते म्हणाले, "शुक्रवारी मीच सांगतो सगळ्यांना. माझ्या तोंडून ऐकलं की भांडायला येणार नाहीत. भांडले तर माझ्याशी भांडतील, आणि मला ऐकू कमी येतं."

मी मनात तयारी केली होती की चार घरं तरी तुझ्याशी बोलायची थांबतील. एकही नाही. बू पुर्वांतीची सासू त्या एकतिसांत निघाली. पुर्वांती ओसरीत आली, कमरेवर हात. तू उभा राहिलास, चेहरा पांढरा. ती म्हणाली, "सासू जन्मभर माझ्या नावानं ओरडली, जेवायला उशीर, जेवायला उशीर. कधीच होत नव्हता. शेवटी एकदा झाला!" आणि इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. साटेवाल्यानं फक्त एवढं विचारलं, की त्याच्या वडिलांचं एकतिसांत कसं नाही, त्यांना कशातच घेत नाहीत. ज्याच्या त्याच्या घरी विचारून तू कागदावर पेन्सिलीनं खाडाखोड केलीस, आणि गल्लीतल्या बायका तुला आता आधीपेक्षा जास्त विचारायला लागल्या. चूक कबूल करणारा तारीखवाला त्यांनी आधी पाहिला नव्हता.

पण मी अपडेटचं सांगत होते. मंगळवार पाहिंग उजाडला. तू आंघोळ करून, नवी टोपी घालून बसलास. ओसरीत आम्ही सगळे. पाक जझुलींनी छोटी दुआ म्हटली, बकऱ्यांचा विचार मनात असेलच. तू आजोबांवरचा कपडा काढलास, निळी पाटी आली, आणि तू डोळे मिटून 'तपासा' दाबलंस.

आजोबा घरघरले. मग अक्षरं उमटली, आणि तू मोठ्यानं वाचलंस. हा कॉम्प्युटर नव्या प्रणालीसाठी पात्र नाही.

आम्ही सगळे पडद्यावर वाकलो.

"म्हणजे?" तारमी.

"म्हणजे ते येणारच नाही," मी म्हटलं. "कधीच येणार नव्हतं. म्हातारा नापास झाला."

सहा महिने! मुहूर्त, फुल्या, आपेम, माझी बहीण, सगळं एका बटणासाठी, जे एप्रिलमध्येच दाबता आलं असतं. वहीला कधी धोकाच नव्हता. मला वाटलं तू सुटकेचा श्वास सोडशील. तुला राग आला. "पात्र नाही? हे कोण ठरवणार? बावीस वर्षं एक दिवस बंद नाही पडला!" वॉर्ड ऑफिसच्या दारात तू असा ओरडला असतास तर कायम झाला असतास, असं माझ्या मनात आलं. बोलले नाही, हे माझ्या खाती मांड.

बाकीच्या दोन यंत्रांत अपडेट आलं तेही मुहूर्ताला विचारून नाही. तुम्ही सगळे शुक्रवारच्या नमाजाला गेला होता तेव्हा त्यांचं त्यांनी उरकून घेतलं. समास हलले नाहीत. कोणी गोरं झालं नाही. सुरुवातीचं बटण कोपऱ्यातून उठून मधे आलं, एवढंच, आणि तुझं बोट दोन महिने कोपऱ्यातच जाऊन टेकत होतं.

कागदाची चळत मात्र राहिली. एकतीस नावांवर पेन्सिल फिरली, आणि पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत, तुझी आई. तिथली चौकट अजून रिकामी. मी बोट ठेवलं. "हिचं?"

"तिचं विचारायला कोण उरलंय?"

"बुलिक केमिस आहे सुरूहला. तुझ्या आईची धाकटी बहीण. तीच होती ना उशाशी? एक्याण्णव वर्षांची आहे, पण बिया वेचते अजून, डोकं शाबूत आहे. चल, उद्या जाऊ. तुझ्या मोटारसायकलवर वीस मिनिटं."

"उद्या नको. रविवारी."

मी बाजारातून शेंगदाण्याच्या वड्यांचं पुडकं आणलं, म्हातारीला दात नाहीत पण ती चघळते, हे तूच सांगितलं होतंस. रविवारी पाऊस. पुढच्या रविवारी कोणाचं तरी लग्न, पत्रिका तुझ्याच. मग तुझा गुडघा. मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. हिरवी पट्टी लावून मी तुझ्यामागे बसणार नव्हते. एकदा तर तू मोटारसायकल काढलीस, टोपी घातलीस, मी दाराला कुलूप लावून आले, आणि तू म्हणालास, "बू, टायरमध्ये हवा कमी वाटते." मी टायर दाबून पाहिला. दगडासारखा होता. तू मोटारसायकल आत घेतलीस आणि मी कुलूप उघडून घरात गेले.

डिसेंबरात लेकीनं तिकिटं पाठवली आणि तू गेलास. आजोबांवर कपडा आहे. कागद माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांच्यावर ते वड्यांचं पुडकं, अजून न सोडलेलं.